जखम बसेपर्यंतची मुदत

अबू रकान बोलू लागले की समोरच्याचा चढलेला आवाज आपोआप खाली येई. तफिल्याच्या डोंगरउतारावरच्या आमच्या गावात हा गुण फार कामाचा होता. अबू रकान म्हणजे रकानचा बाप; त्यांचं खरं नाव जैफल्ला, धंदा गवंड्याचा. गिलावा असा एकसारखा करत की भिंतीवरून हात फिरवणाऱ्याला कुठे थांबून पुन्हा सुरुवात केली ते कळत नसे. तरी पंचक्रोशीतून त्यांना जे बोलावणं येई, त्याचा भिंतींशी संबंध नसायचा. कुणाच्या गाडीखाली कुणाचं पोर आलं, पाण्याच्या पाळीवरून कुणाचं डोकं फुटलं, की दोषी घरची माणसं पोलीस पोचायच्या आत चार वजनदार मध्यस्थ गोळा करत, आणि त्या चारांत अबू रकान असतील अशी तजवीज करत. ते शेख नव्हते. त्यांच्या नावावर थोडी जैतुनाची म्हणजे ऑलिव्हची झाडं आणि एक जुनी मालवाहू गाडी, एवढंच होतं. पण शेखांनाही ते सोबत लागत.

ही मंडळी दुखावलेल्या घरी जाऊन सबुरी मागत. तिला अतवा म्हणतात. ठरलेल्या मुदतीपर्यंत या घरातला कुणी हात उगारणार नाही, आणि दोषी घर आपला दोष मान्य करून भरपाईच्या बैठकीची वाट पाहील, असा तो करार. मागण्याची रीत ठरलेली. यजमानाने कडू कॉफी पुढे केली की मध्यस्थांच्या म्होरक्याने पेला घ्यायचा, ओठांना न लावता समोर ठेवायचा आणि मग बोलायचं. यजमान ‘प्या’ म्हणाला की मागणं मंजूर. अबू रकानांचं खरं कसब मुदतीत होतं. बापाचा हुंदका अजून थांबलेला नसताना त्याच्याकडे आधी तीन दिवस मागायचे आणि हळूहळू वर्षाकडे न्यायचं, की एकदम वर्षच मागायचं, हे ते उंबरठ्याबाहेर जोडे काढता काढता ठरवत. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांसाठी वेळ मागितला. त्यांनी ठेवलेला पेला भरलेलाच परत गेला, असं आम्हा कुणाला आठवत नव्हतं.

या रिवाजाचा एक नियम त्यांच्या तोंडी नेहमी असे: घाव बसल्याशिवाय, म्हणजे दुखणं एका जागी स्थिरावल्याशिवाय, त्याचं मोल करू नये. आज शिवलेलं बोट उद्या वाकणार नाही असं निघू शकतं. आज निकामी वाटणारा डोळा वर्षाने उजेड ओळखू लागतो. म्हणून आधी सबुरी, मग उपचार, मग जखमा जोखणारा जाणता माणूस, आणि सगळ्यांत शेवटी बैठक. यात घाई करणारा हावरट ठरतो.

त्या वर्षी जानेवारीत, बर्फ पडून गेल्यावर, मिस्बाहच्या खडी फोडण्याच्या कारखान्यात मुकादमाची एका कामगाराशी मारामारी झाली. ती मिटवायला अबू रकान गेले. आवाराचं लोखंडी फाटक रुळावरून सरकणारं. रुळाच्या टोकाचा अडसर कधीचा तुटलेला. तिथल्या माणसांना सवय होती, ती फाटक अर्ध्यावरच थांबवत. अबू रकान पाहुणे. त्यांनी ते पुरतं ढकललं, आणि सगळंच्या सगळं फाटक रूळ सोडून त्यांच्या अंगावर आलं. खुब्याचं हाड फुटलं.

ते इस्पितळातून परतले तेव्हा मिस्बाहच्या वतीने, त्याला आणि मंडळींना सोबत घेऊन, अबू गालिब आले. अबू गालिब म्हणजे अबू रकानांचे जन्माचे सोबती. कितीतरी घरांत दोघांनी मांडीला मांडी लावून सबुरी मागितली होती. बैठकीच्या खोलीत गादीवर आडवे पडलेल्या अबू रकानांनी, पेला खाली टेकायच्या आतच, ‘प्या’ म्हणून टाकलं.

“अरे, ठेवू तरी दे!” अबू गालिब म्हणाले. “अख्खं भाषण पाठ करून आलोय. गाडीत दोनदा म्हणून दाखवलं.”

“तुझं भाषण मीच तुला शिकवलंय. पी गुपचूप.”

सगळे हसले. जैतून उतरवायच्या हंगामापर्यंतची मुदत दिली गेली. मिस्बाहने सगळ्यांसमोर मान खाली घालून सांगितलं की चूक त्याची, फाटक त्याचं. पोलिसांना अबू रकानांनी नशिबाचा घाला असं सांगितलं. माणूस सबुरी देऊन बसल्यावर तक्रार करणं त्यांच्या दृष्टीने दिलेली भाकर हातातून ओढून घेण्यासारखं होतं.

पहिल्या शस्त्रक्रियेचा भार मिस्बाहने उचलला. ईदला मेंढा पाठवला. जैतुनाचा हंगाम आला तेव्हा अबू रकान काठीवर होते. घाव बसला नव्हता, म्हणून मुदत पुढच्या जैतुनापर्यंत वाढली. पुढच्या जैतुनाला खुब्यातला स्क्रू सैल झाल्याचं निघालं, आणि ती पुन्हा वाढली. दरम्यान ते पालथ्या बादलीवर बसून भिंतींचा खालचा अर्धा भाग लिंपायला जाऊ लागले. वरचा अर्धा भाग दुसरा गवंडी करी. दोन हातांची भिंत मध्ये कुठे जुळते ते लांबूनही दिसायला लागलं आणि कामं आपोआप थांबली. अम्मानच्या डॉक्टरांनी सांगितलं की सांधाच बदलावा लागेल. मिस्बाहने निरोप पाठवला: आता काय ते बैठकीतच एकदम बघू, तोवर घाव बसू द्या.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडाशी त्यांची मुलगी इब्तिहाल, जी तफिल्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवते, एका सहकारी बाईच्या नवऱ्याकडे गेली. नायिफ त्याचं नाव, वकील, म्हणून सगळ्यांचा ‘उस्ताज’. ती गेली होती बापाच्या अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल विचारायला. परत आली ती थेट स्वयंपाकघर ओलांडून बैठकीच्या खोलीत, अंगातला कोट न काढता. मी, त्यांचा शेजारी, रॉकेलच्या शेगडीपाशी अबू रकानांसोबत चहा घेत बसलो होतो. मी उठू लागलो तर तिने हातानेच बसवलं.

“बाबा, तीन वर्षं. तुम्ही पडलात त्या दिवसापासून.”

“कशाची तीन वर्षं?”

“नुकसानभरपाईचा दावा लावायची. इजा झाली आणि कुणामुळे झाली ते कळलं, तिथपासून तीन वर्षं. नंतर गेलं की कोर्ट ऐकूनच घेत नाही. उस्ताज नायिफ म्हणाले.”

“पण अतवा चालू आहे ना.”

“कोर्ट अतवा धरत नाही.”

“धरत नाही कसं? मागल्या वर्षी त्या कोर्टातल्याच एका न्यायाधीशाच्या मेव्हण्यासाठी मी पेला ठेवलाय! त्याला विचार अतवा काय असते ते.”

“त्याला घरी माहीत असेल, बाबा. खुर्चीत बसल्यावर नसतं.”

अबू रकानांनी पाय उचलून दोन्ही हातांनी गादीवर नीट ठेवला. असं करताना ते नेहमी क्षणभर डोळे मिटत.

“घाव अजून बसलेला नाही,” ते म्हणाले. “न बसलेल्या घावाचं मोल कोण करणार? उद्या सांधा बदलला, मी चालायला लागलो, तर कोर्ट काय पैसे परत मागणार?”

“कायदा घाव बसायची वाट बघत नाही. तो घाव झाल्या दिवसापासून मोजतो. आपण बसल्यापासून मोजतो. तुम्ही तीन वर्षं आपल्या हिशोबाने थांबलात.”

आतून उम्म रकान, त्यांची बायको, बाहेर आली. “मेला तो कायदा आणि मेली ती कॉफी,” ती म्हणाली. “तीन हिवाळे माझ्या घरातली वेलची संपतेय, याखेरीज काय झालंय? मिस्बाह येतो, मान खाली घालतो, पितो, जातो. आता तर मान घालायलाही त्याला सराव झालाय.”

“बायका अशा बोलतात म्हणून—”

“म्हणून काय? म्हणून तुमचा पाय वाकडा झाला?”

इब्तिहालने कोट काढला, घडी केली, मांडीवर ठेवला. “अतवा या महिन्यात संपतेय,” ती हळू म्हणाली. “संपू द्या. नवी देऊ नका. मग दावा लावला तर मोडलं काय आपण?”

“आणि अबू गालिबला ‘नाही’ म्हणू? मी? तू मला काय करायला सांगतेयस ते तुला कळतंय का, पोरी? ज्या दारात मी गेलो त्या प्रत्येक दारात लोक म्हणाले, प्या. पोराचं प्रेत घरात असताना म्हणाले. आणि मी एका हाडासाठी म्हणू, उठा?”

“मिस्बाहचा जावई वकील आहे. त्याला ही तीन वर्षं ठाऊक नसतील?”

“मिस्बाह नमाजी माणूस आहे.”

“मी त्याच्या नमाजाचं विचारलं नाही.”

मला वाटतं, त्यांना राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता हेच त्यांना जड जात होतं. तीन हिवाळे दुखणं सोसून माणसातली रागाची ताकदही झिजते. पुढचे काही दिवस इब्तिहाल तो विषय काढी, ते वर्तमानपत्र उलगडत. दावा नाही लावला तर सांध्याचं ऑपरेशन, असलेली झाडं आणि पुढचं सगळं म्हातारपण मिस्बाहच्या मर्जीवर राहणार. लावला तर आयुष्यभर कमावलेला शब्द गावाच्या पायाखाली जाणार. हे दोघांनाही इतकं स्वच्छ कळत होतं की त्याबद्दल बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

जैतून गिरणीत गेले त्या आठवड्यात मंडळी आली. अबू गालिब पुढे. मागे मिस्बाह, त्याचा जावई, आणखी दोघे गावचे म्हातारे. घरच्यांच्या बाजूला मी आणि अबू रकानांचा एक चुलतभाऊ. थोरला मुलगा रकान अकबाच्या बंदरात कामाला, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं, आणि त्याआड मायलेकी उभ्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

चुलतभावाने कॉफी ओतली. अबू गालिबांनी पेला समोर ठेवला.

“अबू रकान, मागणं जुनंच आहे,” ते म्हणाले. “तुझ्यापुढे भाषण करायचं म्हणजे मुअज्जिनाला अजान ऐकवण्यासारखं. मिस्बाहची चूक होती, आहे, त्याने कधी नाकारली नाही. थोडी सबुरी अजून मागतो.”

“किती?”

“बदामाला फूल येईपर्यंत.”

शेगडीवर किटली होती, तिच्या झाकणाचा आवाज येत राहिला. अबू रकानांनी मान वर करून आधी अबू गालिबांकडे आणि मग बराच वेळ मिस्बाहकडे पाहिलं.

“एवढंच?” ते म्हणाले.

“तुला किती त्रास द्यायचा, म्हणून म्हटलं—”

“दर वर्षी जैतुनापासून जैतुनापर्यंत मागितलंत. मी दिलं. आज बदामापर्यंतच?”

ही गोष्ट त्या खोलीत त्यांच्याइतकी कुणाला कळली नसेल. दोषी घर नेहमी मिळेल तेवढी मुदत मागतं. वर्ष मिळत असेल तर सहा महिने कुणी मागत नाही. ज्याला मिटवायचंच आहे त्याला मुदतीचं काही वाटत नाही, आणि ज्याला टाळायचं आहे तो लांबची मागतो. थोडकी मुदत मागणाऱ्याच्या डोक्यात मात्र एखादी तारीख असते. आमच्याकडे बदाम फुलतो जानेवारी सरल्यावर, आणि फाटक अंगावर आलं होतं जानेवारीत.

“बदामाला फूल येईपर्यंत काय होणार आहे, मिस्बाह?”

“घाव बसेल, इन्शाअल्ला.”

“तीन वर्षांत बसला नाही तो या थंडीत बसणार?”

“काका, ही नुसती रीत आहे हो,” जावई हसून म्हणाला.

“रीत तू मला शिकव, बाळ. बरं झालं, कुणीतरी भेटलं शिकवणारं.” अबू रकानांचा आवाज चढला नव्हता, उलट इतका खाली आला की म्हाताऱ्यांना पुढे वाकावं लागलं. “मग असं करू. बैठक आजच घेऊ. जाणत्याला मी बोलावतो, तासाभरात येईल. न बसलेल्या घावाचंच मोल करू. आहे तसा. कमी निघालं तरी माझी तक्रार नाही. अबू गालिब साक्षी.”

मिस्बाहने जावयाकडे पाहिलं. जावयाने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “घाईत झालेल्या गोष्टींचा पुढे पश्चात्ताप होतो. थोडे दिवस जाऊ द्या.”

“बरोबर,” अबू रकान म्हणाले. “थोडेच.”

पेल्यातल्या कॉफीवरची वाफ केव्हाच गेली होती. अबू गालिबांनी पेल्याच्या कडेला बोट लावलं.

“जैफल्ला, निवतेय ही.”

“दिसतंय मला.”

“‘पी’ म्हण. एक शब्द. बाकी मी बघतो मिस्बाहचं.”

“तू तीन वर्षं बघतोयस.”

“माझ्या तोंडाकडे बघून तरी म्हण. चाळीस वर्षांत मी कुठल्या घरातून तहानलेला उठलो नाही. तुझ्या घरातून उठू?”

अबू रकानांनी डोळे मिटले, पाय हातांनी उचलून जागा बदलून ठेवला. “चाळीस वर्षं लोकांना पाजली,” ते म्हणाले. “आता दमलो, अबू गालिब. मुदत संपलीय. नवी नाही माझ्याकडे. तुझ्यासाठी म्हणून सांगतो, कुणी कुणावर हात उगारणार नाही, माझा रकान नाही, कुणी नाही. ते तू मागायची गरज नाही. पण वेळ नाही देत.”

“म्हणजे कोर्टात जाणार,” जावई म्हणाला.

“तुला कसं कळलं? मी कोर्टाचं नावही घेतलं नाही.”

म्हाताऱ्यांपैकी एकाने घसा साफ केला. मिस्बाह उठला, त्याच्या मागोमाग बाकीचे उठले. अबू गालिब शेवटी उठले. दारात जोडे घालताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला, आणि मागे न बघता म्हणाले, “निदान मला आधी सांगायचंस, गड्या. मी आलोच नसतो.”

“मलाही आत्ताच कळलं,” अबू रकान म्हणाले.

डिसेंबरात, पहिला बर्फ पडायच्या आत, मी त्यांना तफिल्याच्या कोर्टात नेलं. इब्तिहालने शाळेतून अर्धी रजा घेतली होती. पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. मध्ये दोनदा थांबून त्यांनी भिंतीच्या गिलाव्याकडे पाहिलं आणि पुढे निघाले. वकील आणि इब्तिहाल दावे दाखल करायच्या खिडकीपाशी गेले. आम्ही बाकावर बसलो. ओळखीची दोनतीन माणसं समोरून गेली. एकाने सलाम केला, बाकीच्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि ते वळले.

इब्तिहाल परतली. “झालं, बाबा. दावा मुदतीत लागला.”

“म्हणजे मिस्बाहला द्यावं लागणार?”

“ते ठरायचंय अजून. फाटक ठीक होतं, तुम्हीच जोरात ढकललंत, असं म्हणणार ते. उस्ताज म्हणतात, दोनतीन वर्षं तरी जातील.”

“मग आज काय झालं?”

तिने जरा विचार केला. मुलांना गणित समजावताना ती अशीच थांबत असणार. “आज एवढंच झालं की तो हक्क मेला नाही. आता उशीर झाला म्हणून कुणी परत पाठवणार नाही.”

“एवढ्यासाठी,” ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ते फक्त मोजून पाहत होते. मग काठी मागून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा मी हात दिला.

गावात दोन्ही तऱ्हांनी बोलणं झालं. नियमाने बघितलं तर त्यांनी काही मोडलं नव्हतं. मुदत संपू दिली आणि नवी दिली नाही, हा प्रत्येक दुखावलेल्या घराचा अधिकार आहे. पण अधिकार असणं आणि तो या माणसाने वापरणं, यांत लोक फरक करत. गिरणीवर कुणीतरी म्हणालं, कसाई मेला की लोकांना कळतं त्यालाही रक्त होतं. हे बाजूने बोललं की विरुद्ध, ते कुणी विचारलं नाही. मिस्बाहच्या बाजूने उत्तर दाखल झालं: फाटकात दोष नव्हता. तीन हिवाळे ज्या खोलीत मान खाली घालून चूक कबूल केली, त्या खोलीतल्या कबुलीचा त्यात उल्लेख नव्हता. अबू गालिबांना साक्षीला बोलवायचं का, असं वकिलाने विचारलं. अबू रकान म्हणाले, “त्याला यायचं असेल तर रस्ता त्याला माहीत आहे.” अजून तरी ते आलेले नाहीत, आणि येणार नाही असंही त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी खालच्या वस्तीतल्या पोराच्या हातून भाजलेल्या एका मुलीच्या घरी मंडळी निघाली. नमाज झाली तेव्हा मशिदीच्या बाहेर सात गाड्या उभ्या होत्या. अबू रकान घरी आले, त्यांनी धुतलेला अंगरखा घातला, डोक्याचा रुमाल आरशात नीट केला आणि बैठकीच्या खोलीत खिडकीजवळच्या जागेवर काठी मांडीशी धरून बसले. सांगायला कुणी आलं नव्हतं, पण आमच्या उतारावरून जाणाऱ्या अशा मंडळींच्या वाटेत त्यांचं दार लागतं, आणि आजवर त्या दारापुढे पहिली गाडी थांबत आली होती. गाड्या आल्या. पहिली हळू झाली, म्हणजे तिथे वळण आहे म्हणून हळू झाली, आणि गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या. धूळ खाली बसेपर्यंत ते तसेच बसून होते.

उम्म रकान दारात आली. तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा रस्त्याकडे पाहिलं.

“वाढू का?” तिने विचारलं.

त्यांनी अंगरख्याची एक बाही काढली. दुसरीसाठी खुबा उचलावा लागतो, म्हणून ते जरा थांबले. ती पुढे होऊन मदत करू लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं नाही.

“वाढ,” ते म्हणाले. “भूक लागलीय.”